सरमेचा प्रश्न

फुलंब्रीहून सिल्लोड-अजिंठ्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, मका आणि आल्याची शेतं लागतात. शेतवस्ती आली की कुत्रं आलंच. नाव मोत्या, वाघ्या किंवा राजा. काम ठरलेलं: रात्री रानडुकरं मक्यात शिरली की भुंकायचं, गोठ्यातल्या शेळ्या राखायच्या, अनोळखी माणसाला बांधावरच अडवायचं. हे काम त्याला कुणी शिकवलं, असं विचारलं तर बहुधा उत्तर मिळतं की राखण कुत्र्याच्या रक्तातच असते, ती शिकवावी लागत नाही. मात्र तेच कुत्रं पाहुण्याच्या अंगावर गेलं, कोंबडीच्या मागे लागलं किंवा चप्पल फाडून बसलं की हातात काठी येते. शिकवणारा कुणी नव्हता, शिक्षा करणारा मात्र लगेच उभा राहतो.

आपण काय चुकलो हे ज्या जिवाला समजण्याचा मार्गच कुणी दाखवला नाही, त्याला मारण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो? कुत्र्यांना प्रेमाने शिकवण्याचा विषय निघाला की तो शहरातल्या सदनिकांचा आणि परदेशी जातीच्या कुत्र्यांचा वाटतो. पण हा प्रश्न मुळात धर्माचा आहे, आणि आपल्या परंपरेने तो फार पूर्वी, अगदी स्पष्ट शब्दांत विचारून ठेवला आहे.

महाभारताच्या आदिपर्वात, पौष्य उपपर्वाच्या आरंभीच, एका पिल्लाची कथा येते. परीक्षिताचा मुलगा जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घ यज्ञसत्र करत होता. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे त्याचे भाऊ सोबत होते. तिथे देवांची कुत्री सरमा हिचं पिल्लू आलं आणि या तिघांनी त्याला मारलं. ते रडत आईकडे गेलं. आईने आधी त्यालाच धरलं: तू नक्की काहीतरी आगळीक केली असशील. पिल्लाने सांगितलं, मी काहीच केलं नाही. यज्ञातल्या हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही आणि त्याला जीभही लावली नाही. तेव्हा सरमा थेट सत्राच्या जागी गेली आणि तिने विचारलं, माझ्या मुलाने कोणता अपराध केला म्हणून त्याला मारलंत? कुणाकडेही उत्तर नव्हतं. निरपराध्याला मारलंत, म्हणून तुमच्यावर नकळत भय कोसळेल, असा शाप तिने दिला. हस्तिनापुराला परतल्यावर जनमेजय हा शाप निवारू शकेल अशा पुरोहिताच्या शोधाला लागला.

सरमेने दयेची भीक मागितली नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तिने अपराध कोणता ते विचारलं. राजाचे भाऊ असोत की यज्ञाचे यजमान, शिक्षा करणाऱ्याने आधी कारण सांगितलं पाहिजे, एवढीच तिची मागणी होती. याच ग्रंथाच्या शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसायला नकार देतो. ती कथा घरोघरी माहीत आहे. सरमेची कथा तितकी सांगितली जात नाही. युधिष्ठिराच्या कथेत माणसाचा मोठेपणा दिसतो आणि सरमेच्या कथेत माणसाला जाब द्यावा लागतो, हे त्याचं एक कारण असावं.

रामायणाच्या उत्तरकांडाला जोडलेल्या आणि अभ्यासक प्रक्षिप्त मानतात अशा सर्गांत अशीच दुसरी फिर्याद आहे. डोकं फुटलेलं एक कुत्रं रामाच्या दरबारी न्याय मागायला येतं. मारणारा ब्राह्मण बोलावला जातो. तो कबूल करतो की भिक्षेसाठी फिरताना आपण भुकेलेलो होतो, कुत्रं वाटेत बसलं होतं, सांगूनही हटलं नाही आणि राग अनावर झाला. काठी त्याच्या उपाशी पोटातून आणि रागातून उठली होती. आजही कुत्र्यावर उठणाऱ्या हातांकडे नीट पाहिलं तर दिवसभराचा वैताग, पाहुण्यांसमोर झालेली फजिती, मोडलेली झोप अशीच कारणं दिसतात. कुत्र्याला काय शिकवायचं आहे, याचा विचार त्या क्षणी कुणाच्या मनात नसतो.

यावर मालकांचं एक ठाम उत्तर असतं: कुत्र्याला आपली चूक बरोबर कळते, म्हणून तर ते मान खाली घालून, शेपूट पायांत घेऊन कोपऱ्यात बसतं. न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमकी हीच समजूत तपासली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 14 पाळीव कुत्री होती. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्र्याला तो खाऊ खाऊ दिला जाई, कधी काढून घेतला जाई, आणि मालकाला मात्र काही वेळा मुद्दाम खोटं सांगितलं जाई. अपराधी चेहरा कुणाचा झाला? ज्याला रागावलं गेलं त्याचा. मग त्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा तर अधिकच पडला. मालक ज्याला पश्चात्ताप समजतो ते समोरच्या रागाला घाबरून घेतलेलं नमतं असतं. सरमेच्या पिल्लाला पाहूनही त्या तिघा भावांना ते अपराधी वाटलं असतं.

मारून शिकवण्याला विसाव्या शतकात शास्त्राचा आधारही दिला गेला. जर्मनीत पोलिसांच्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं 1910 चं पुस्तक सक्तीवर उभं होतं. अमेरिकेत विल्यम कोएलर यांचं 1962 चं पुस्तक घरोघरी गेलं. खड्डे उकरणाऱ्या कुत्र्याचं तोंड पाण्याने भरलेल्या त्याच खड्ड्यात दाबावं, असा सल्ला त्यात आहे. त्याच काळात लांडग्यांच्या कळपाची कल्पनाही रुजली. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं होतं. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना सर्वदूर नेली. त्यावरून लोकांनी ठरवलं की मालकाने कुत्र्याला दाबून ठेवलं पाहिजे, नाहीतर ते आपल्या डोक्यावर बसेल.

मेक यांनी स्वतःच 1999 मध्ये ही कल्पना दुरुस्त केली. एकमेकांना अनोळखी लांडगे कुंपणात कोंडले की भांडतात. मोकळ्या रानातला कळप हे मात्र बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. पुढे चालणारे लांडगे हे त्या पिल्लांचे जन्मदाते असतात. ज्या कल्पनेच्या जोरावर असंख्य कुत्र्यांना उताणं पाडून दाबलं गेलं, ती तिच्या प्रमुख प्रसारकानेच मागे घेतली. आपल्याकडे मात्र हे दाबून ठेवण्याचं सांगणं अजूनही शिकवणीत ऐकू येतं.

मारल्याने कुत्र्याच्या आत काय होतं, याची मोजणीही झाली आहे. पोर्तुगालमध्ये पोर्टो इथल्या संशोधकांनी 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून 2020 मध्ये निष्कर्ष मांडले. काही कुत्री बक्षिसाने शिकवणाऱ्या शाळांतली होती, काही हिसके, ओरडणं आणि विजेचे पट्टे वापरणाऱ्या शाळांतली. दुसऱ्या गटातली कुत्री शिकवणीच्या वेळी अधिक ओठ चाटत, अधिक जांभया देत, अंग आकसून घेत. त्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक वाढलेलं सापडलं. नंतर त्यांच्यासमोर असं भांडं ठेवलं गेलं, ज्यात खाऊ असेल की नसेल याचा अंदाज लागू नये. ज्यांना सर्वाधिक धाकात शिकवलं होतं ती कुत्री त्या भांड्याकडे अधिक रेंगाळत गेली. जगाकडून चांगलं काही मिळेल, हा भरवसाच त्यांच्यात कमी झाला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2009 च्या अभ्यासात दिसलं की मारणं, दाबून धरणं, डोळे वटारणं या उपायांना बरीच कुत्री उलट गुरगुरून किंवा चावून उत्तर देतात. म्हणजे चावरं कुत्रं पुष्कळदा माणसाने घडवलेलं असतं.

वेगळा मार्ग कुठे सापडतो? फुलंब्रीकरांना त्यासाठी दूर जावं लागत नाही. जिल्ह्याचं शहर ओलांडून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, आणि पैठण म्हणजे संत एकनाथ (1533 ते 1599). काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा मराठी माणूस शाळेत जाण्याआधीच ऐकतो. तिच्यात पुण्य कुठे खर्च करावं याचा धडा आहेच. शिवाय तिच्यात एक नजरही आहे. सोबतच्या यात्रेकरूंना वाटेतलं एक गाढव दिसलं, नाथांना त्याची तहान दिसली. या प्राण्याला आत्ता काय हवं आहे, हे त्यांनी आधी ओळखलं आणि मग हात पुढे केला.

कुत्र्याला समजून शिकवण्याची सुरुवात इथूनच होते. पिल्लू चप्पल चावतं तेव्हा बहुधा त्याचे दात येत असतात. दिवसभर दोन हात लांबीच्या साखळीला बांधलेलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्यावर तुटून पडतं, कारण पळून जाण्याचा मार्ग साखळीने बंद केलेला असतो आणि भीतीपुढे हल्ला एवढाच उपाय उरतो. फटाक्यांच्या रात्री ते घरात घुसून भांडी पाडतं, तेव्हा ते जीव वाचवायला जागा शोधत असतं. कारण कळलं की निम्म्या वेळा काठीची गरजच संपते: पिल्लाला चावायला सुती दोरी द्यावी, साखळीऐवजी कुंपण करावं, दिवाळीच्या रात्री गोठ्याचा अंधारा कोपरा मोकळा ठेवावा.

संत नामदेवांची कथा एक पाऊल पुढे जाते. कुत्र्याने भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन, कोरडी भाकर खाऊ नकोस म्हणत, त्याच्या मागे धावले. सर्वांभूती ईश्वर पाहण्याची ही परिसीमा आहे. पण घरात शेळ्या, कोंबड्या आणि लहान लेकरं असलेला शेतकरी रोज तुपाची वाटी घेऊन धावू शकत नाही, आणि त्याने धावावं असं म्हणणंही योग्य नाही. त्याच्या कुत्र्याने कोंबडी धरता कामा नये, लेकराच्या हातातली भाकर ओढता कामा नये. शिस्त तर हवीच. ती मारल्याशिवाय लागते का, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं एक उत्तर बौद्ध वाङ्मयात आहे. याच रस्त्याने पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत बोधिसत्त्वाच्या कथा भिंतींवर रंगवल्या आहेत. त्यांत तो हत्ती आहे, माकड आहे, हरिण आहे. पाली जातकांत तो एकदा कुत्राही होतो आणि विनाचौकशी मारल्या जाणाऱ्या आपल्या भाईबंदांसाठी वाराणसीच्या राजाकडे न्याय मागतो. पण शिकवण्याच्या दृष्टीने अंगुत्तर निकायातला केसी नावाच्या अश्वशिक्षकाचा संवाद अधिक मोलाचा आहे. बुद्धांनी केसीला विचारलं, तू घोडे कसे शिकवतोस? केसी म्हणाला, काहींना मृदूपणे, काहींना कठोरपणे, काहींना दोन्ही रीतींनी; आणि कशानेच न शिकणाऱ्याला मी मारून टाकतो. मग त्याने विचारलं, आपण माणसं कशी शिकवता? बुद्ध म्हणाले, अशीच. मृदूपणे म्हणजे चांगलं वागणं आणि त्याचं फळ सांगून, कठोरपणे म्हणजे वाईट वागणं आणि त्याचं फळ सांगून, आणि काहींना दोन्ही सांगून. कशानेच न ऐकणाऱ्याला मीही मारतो. केसी चमकला, तथागत तर हिंसा करत नाहीत. तेव्हा बुद्धांनी उलगडून सांगितलं, की ज्याला शिकवण्याजोगा न समजता त्याच्याशी बोलणंच थांबवलं जातं, त्याच्यासाठी तेच मरण असतं.

या चारही रीतींमध्ये बुद्धांच्या हातात काठी नाही. त्यांचा कठोरपणासुद्धा परिणाम दाखवून देण्याचा आहे. आजचे जाणते श्वानप्रशिक्षक जे करतात त्याच्याशी हे जवळून जुळतं. कुत्रं अंगावर उड्या मारतं तेव्हा ते पाठ फिरवतात, बोलत नाहीत, हात लावत नाहीत. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच लक्ष देतात, पाठ थोपटतात. खेळताना दात लागले तर खेळ तिथेच थांबतो. कुत्र्याला माणसाची सोबत इतकी हवी असते की ती क्षणभर काढून घेणं हा पुरेसा मोठा परिणाम ठरतो.

बक्षीस म्हणजे लाच, असा आक्षेप गावात हमखास येतो. खाऊ दाखवला तरच ऐकणारं कुत्रं काय कामाचं? पण लाच चुकीच्या कामासाठी दिली जाते. योग्य काम झाल्यावर मिळते ती मजुरी. कापूस वेचणाऱ्या बाईला दिवसाचे पैसे देताना आपण तिला लाच दिली असं कुणी म्हणत नाही. शिवाय कुत्रं केवळ पोटासाठी माणसाजवळ येतं, हेही खरं नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. 2017 मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाने खाऊ देण्यापेक्षा डोक्यावरून प्रेमाने हात फिरवला, तर या कुत्र्यांचा त्याच्यावरचा विश्वास अधिक वाढतो. ही परदेशी जातीची विकत घेतलेली कुत्री नव्हती. आपल्या गल्लीतली, हाड् ऐकत वाढलेली कुत्री होती.

याहून खोल आक्षेप वेगळा आहे. गोड बोलून का होईना, दुसऱ्या जिवाला आपल्या मनासारखं वागवणं ही सत्ताच झाली. यात दया कसली? हा आक्षेप खोटा नाही. खाऊ दाखवून प्राण्याला अपमानाचे खेळ करायला लावता येतात, हे सर्कशींनी दाखवून दिलं आहे. पण कुत्र्याबाबत सत्ता सोडून देणं हा पर्याय माणसाकडे उरलेला नाही. त्याचं खाणं, पाणी, दोरी, औषध, पिल्लं होणं किंवा न होणं, सगळं माणूस ठरवतो. सत्ता आहेच, ती कशी वापरायची एवढंच हाती आहे. तिची एक साधी पारख करता येते: या कुत्र्याला न भिता नाही म्हणता येतं का? बोलावल्यावर ते आलं नाही, बसायला सांगितल्यावर ते बाजूला झालं, तर पुढे काय होतं? चांगला शिक्षक अशा वेळी थांबतो, सांगण्यात काय चुकलं ते शोधतो आणि उद्या पुन्हा सोप्या टप्प्यापासून सुरू करतो. जिथे नकाराची किंमत मार असते, तिथे आज्ञापालनातून कुत्र्याची भीतीच तेवढी कळते.

आता चावणाऱ्या कुत्र्यांचं काय, हे विचारणाऱ्यांना टाळून चालणार नाही. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात लहान मुलं मोठ्या संख्येने असतात. 1926 मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली 60 कुत्री मारवली, तेव्हा अहिंसेचा कैवार घेणाऱ्यांनी गांधीजींकडे दाद मागितली. गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली आणि ‘यंग इंडिया’त त्यावर लेखमालाच लिहिली. त्यांचं म्हणणं कठोर होतं: रस्त्यावर तुकडा टाकून पुण्य कमावायचं आणि त्या कुत्र्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही दया नव्हे, कुत्र्याला पाळणारा धनी असला पाहिजे.

मारण्याच्या निर्णयावर आजही मतभेद होतील. कुत्र्यांचं सामूहिक लसीकरण आणि निर्बीजीकरण तेव्हा हाताशी नव्हतं; आज आहे, आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. पण गांधीजींच्या मुद्द्याचा गाभा टिकून आहे. प्रेमाने शिकवणं हे केवळ गोंजारणं असेल तर ते अपुरं आहे. वर्षाची रेबीजची लस चुकवणारा, रात्री कुत्रं गावभर मोकाट सोडणारा, नको असलेली पिल्लं पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर टाकणारा मालक तोंडाने कितीही लाड करत असला तरी दयाळू ठरत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र याहून वेगळा आहे, आणि मराठवाड्यात तो विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माणसांची इतकी हेळसांड होत असताना कुत्र्यांच्या दयेची चर्चा कशाला? महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना मज्जाव होता, म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. मुंगीला साखर घालणाऱ्या समाजाने माणसाला पाणी नाकारलं, हा इतिहास आहे. प्राण्यांवरच्या दयेची कुठलीही गोष्ट हा इतिहास झाकण्यासाठी वापरली गेली, तर ती नाकारलीच पाहिजे.

पण बाबासाहेबांनी स्वतः या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या नाहीत. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व सजीवांपर्यंत, अशी चढती मांडणी आहे. त्याच ग्रंथात अहिंसेचा विचार करताना ते मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. पिसाळलेल्या कुत्र्यापासून लेकराला वाचवणं गरजेत बसेल. कोंबडी दोन तासांपूर्वी धरली म्हणून आत्ता घातलेली काठी इच्छेतच मोडते. आणि एकनाथांकडे परत पाहिलं तर ज्या हातांनी गाढवाला पाणी पाजलं, त्याच हातांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं मूल उचलून घरी पोचवलं, असं परंपरा सांगते. त्यांच्या दयेला माणूस आणि प्राणी यांतून एक निवडावा लागला नाही.

प्रेमाने शिकवलेलं कुत्रं राखणीच्या कामाचं राहत नाही, ही भीतीही निराधार आहे. स्फोटकं किंवा गुन्हेगार हुडकणाऱ्या श्वानांची शिकवण प्रामुख्याने खेळावर उभी असते: वास सापडला की आवडता चेंडू मिळतो, हस्तकाची शाबासकी मिळते. मुंबईच्या 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर झंजीर या लॅब्रॅडोरने 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. 2000 मध्ये त्याला पोलिसांनी इतमामाने निरोप दिला. मराठवाड्यात बीड पोलिसांच्या रॉकीने 300 हून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती, आणि त्याच्या अखेरच्या सलामीचा उल्लेख पंतप्रधानांनी 30 ऑगस्ट 2020 च्या ‘मन की बात’मध्ये केला. ही कामं घाबरलेल्या कुत्र्याकडून होत नाहीत. घाबरलेलं कुत्रं नाक चालवण्याऐवजी मालकाचा हात कुठे आहे हे पाहत राहतं.

शेतवस्तीवरच्या मोत्याला शिकवायला चेंडू किंवा शाळा लागत नाही. भाकरीचे नखाएवढे कुटके किंवा उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे पुरतात. कांदा, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला अपायकारक आहेत. नाव घेतलं, त्याने वळून पाहिलं, की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही. शिक्षेचंही तसंच आहे. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. बोलावल्यावर आलेल्या कुत्र्याला, ते कितीही उशिरा आलेलं असो, कधीही मारायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ते येणारच नाही. पिल्लाच्या वयाचे तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस सर्वांत मोलाचे. तेव्हा ज्या माणसांशी, शेळ्यांशी, कोंबड्यांशी आणि ट्रॅक्टरच्या आवाजाशी त्याची शांतपणे ओळख होते, त्यांना ते पुढे बुजत नाही. कोंबड्यांजवळ त्याला दोरीला धरून बसवावं आणि शांत बसल्याबद्दल तुकडा द्यावा, म्हणजे कोंबडी धरण्याची वेळ बहुधा येतच नाही.

कायदाही याच बाजूने आहे. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम 11 मारहाणीला तर गुन्हा मानतंच, पण फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हेही गुन्ह्यांत मोजतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही 10 ते 50 रुपये एवढाच आहे. संविधानाच्या कलम 51क मधल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचा समावेश आहे. दंड वाढायला हवा, पण शेतवस्तीवर शिपाई येणार नाही. तिथे मालकाची समजच कायदा आहे.

पोळ्याच्या दिवशी मराठवाड्यातला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, त्याच्यावर आसूड उगारत नाही, त्याला पुरणपोळी खाऊ घालतो. वर्षभर ज्याने कष्ट केले त्याचं ऋण मानण्याची ही रीत आहे. रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याचंही ऋण तसंच आहे, आणि ते फेडायला सण लागत नाही.

फुलंब्री तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने हे काम हाती घ्यावं. वर्षातून एकदा गावातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचावी. कुत्र्याची देहबोली कशी ओळखावी, जेवणाऱ्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला का छेडू नये, आणि चावा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना कसा गाठावा, हे मुलांना वर्गात शिकवावं. आणि ज्यांच्या दारात कुत्रं बांधलेलं आहे त्यांनी आजच त्याची साखळी लांब करावी, पाण्याचं भांडं सावलीत ठेवावं, आणि काठीला हात घालण्याआधी स्वतःला विचारावं की हे काम आपण त्याला कधी शिकवलं होतं का.